कळण्याची भाकर आणि दंडाची बेटकुळी

जळगावात किंवा धुळ्यात नव्याने जिमला जाऊ लागलेल्या पोराला पहिल्याच आठवड्यात एक फुकटचा सल्ला मिळतो: भाकर बंद कर. सल्ला देणारा दादा दंडाने भारदस्त असतो, त्यामुळे त्याच्याशी वाद घालायची सोय नसते. मग आईने थापलेली भाकर टोपल्यात तशीच राहते. पोरगा अंड्यांतला पांढरा भाग तेवढा खातो, डब्यातल्या पावडरीचा एक स्कूप पाण्यात ढवळून पितो आणि आठ दिवसांनी वजनकाट्यावर उभा राहतो. दीड-दोन किलो उतरलेले असतात. दादाचा शब्द खरा ठरतो आणि भाकर आणखी महिनाभर टोपल्यात राहते.

त्या दीड-दोन किलोंमध्ये चरबी थोडीच असते, बाकी बहुतेक पाणी. भाकरी, भात, केळी, गूळ या सगळ्यांतली कर्बोदकं पचली की त्यांचं ग्लुकोज होतं. लगेच न लागणारं ग्लुकोज शरीर ग्लायकोजेनच्या रूपात साठवतं. प्रौढ माणसाच्या स्नायूंत मिळून ४०० ते ५०० ग्रॅम आणि यकृतात १०० ग्रॅमच्या आसपास ग्लायकोजेन मावतं. साठताना प्रत्येक ग्रॅमसोबत सुमारे तीन ग्रॅम पाणीही धरलं जातं. कर्बोदकं तोडली की साठा उतरतो, पाणी लघवीवाटे निघून जातं आणि काटा खाली येतो. पोटाचा घेर मात्र जिथल्या तिथे असतो. पुढे कुणाच्या तरी हळदीत दोन दिवस पोटभर वरण-बट्टी खाल्ली की तेच दोन किलो परत येतात आणि पोरगा स्वतःला दोष देत बसतो. दोष त्याचाही नाही आणि बट्टीचाही नाही.

स्नायूतल्या आणि यकृतातल्या साठ्यांत एक महत्त्वाचा फरक आहे. यकृत आपल्याकडचं ग्लुकोज रक्तात सोडतं. ते सगळ्यांच्या उपयोगी पडतं, विशेषतः मेंदूच्या. मेंदूला दिवसाला सुमारे १२० ग्रॅम ग्लुकोज लागतं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने प्रौढांसाठी रोज १३० ग्रॅम कर्बोदकांची शिफारस केली आहे, त्यामागे मेंदूची हीच गरज आहे. स्नायूचा साठा मात्र त्या स्नायूपुरताच. ग्लुकोज रक्तात सोडायला जे विकर लागतं, ते स्नायूत नसतंच. मांडीतलं ग्लायकोजेन दंडाला उसनं मिळत नाही. ज्या अंगाला मेहनत पडते, त्याचाच साठा रिकामा होतो आणि भरायचाही त्याचाच असतो.

ही गोष्ट स्टॉकहोममधल्या योनास बेर्गस्ट्रॉम आणि एरिक हुल्टमान या दोन डॉक्टरांनी १९६६ मध्ये स्वतःच्या पायांवर सिद्ध केली. व्यायामाची एकच सायकल घेऊन दोघे तिच्या दोन बाजूंना बसले. एकाने डाव्या पायाने आणि दुसऱ्याने उजव्या पायाने पायडल मारायचं, दोघांचा दुसरा पाय स्वस्थ. पार दमेपर्यंत त्यांनी सायकल मारली. नंतर जाड सुईने दोन्ही मांड्यांतून स्नायूचे बारीक तुकडे काढून तपासले. राबलेल्या पायातलं ग्लायकोजेन जवळपास संपलं होतं, स्वस्थ पायातलं शाबूत होतं. त्यानंतर तीन दिवस दोघांनी भरपूर कर्बोदकं असलेलं जेवण घेतलं आणि पुन्हा तुकडे काढले. राबलेल्या पायात आता स्वस्थ पायाच्या जवळपास दुप्पट साठा होता. माणूस तोच, जेवण तेच, रक्तही तेच. फरक फक्त मेहनतीचा. खाल्लेलं अन्न अंगी लागणं म्हणजे काय, हे मला या प्रयोगाइतकं नेमकं दुसरीकडे कुठे दिसलेलं नाही.

वर्षभराने याच मंडळींनी आणखी दोघांना सोबत घेऊन पुढचा प्रश्न विचारला: जेवण बदललं तर दम किती बदलतो? त्याच माणसांना वेगवेगळ्या दिवशी वेगवेगळा आहार देऊन एकाच वेगाने सायकल मारायला लावली. मांस-चरबीचं, कर्बोदकं जवळजवळ वगळलेलं जेवण घेतल्यावर ती सरासरी ५७ मिनिटांत थकली. मिश्र जेवणावर ११४ मिनिटं टिकली आणि कर्बोदकांनी भरलेल्या जेवणावर १६७ मिनिटं. मॅरेथॉनच्या आदल्या दिवशी धावपटू भात-पास्त्यावर ताव मारतात, ती प्रथा इथूनच आली.

यावर जिममधला दादा म्हणेल, आपल्याला कुठे सायकल मारायचीये, आपल्याला दंड फुगवायचेत. वजन उचलण्यात ग्लायकोजेन इतकं संपत नाही हे खरं. तरी ते बऱ्यापैकी खर्च होतं. आठ-दहा-बारा वेळा वजन वर-खाली केल्यावर जी आग होते, ती ग्लुकोज झपाट्याने मोडलं जात असताना होते. अशा जड कामाला चरबी उपयोगाची नाही, कारण ती हळू जळते. भरपूर सेट असलेल्या एका बैठकीत, त्या दिवशी राबलेल्या स्नायूंतलं साधारण पाव ते चाळीस टक्के ग्लायकोजेन वापरलं गेल्याचं मोजमापांत आढळलं आहे. साठा आधीच अर्धा असेल तर चौथ्या सेटला बार जड वाटू लागतो. पोरगा दोन रिपिटेशन कमी मारतो, पुढच्या आठवड्यात वजन वाढवत नाही. स्नायू वाढतो तो आज कालच्यापेक्षा थोडं जास्त उचलल्यामुळे. तेच थांबलं तर पावडरीचा डबा कितीही महाग असो, त्यातल्या प्रथिनांना बांधणीचं काम शिल्लक राहत नाही.

आणि पोटही अर्धं ठेवलं तर आणखी एक नुकसान होतं. ग्लुकोज कमी पडलं की यकृत प्रथिनांतल्या अमिनो आम्लांपासून ते तयार करतं. सरपण संपलं म्हणून धाब्याच्या घराचा सर काढून चुलीत घालावा, तसला हा प्रकार. पोटभर प्रथिनं खाणाऱ्याचं यात फारसं बिघडत नाही. पण अंड्याचे चार पांढरे भाग आणि एक स्कूप यांवर दिवस काढणारा माणूस महागाचं प्रथिन साध्या इंधनासारखं जाळत असतो.

याच्या उलट टोकाचाही एक समज आहे आणि तोही जिममध्येच ऐकू येतो: व्यायाम झाल्याबरोबर साखर किंवा ग्लुकोज पावडर घ्यायची, इन्सुलिन उसळतं आणि प्रथिन थेट स्नायूत जातं. इन्सुलिन स्नायूंची मोडतोड आवरतं, एवढं खरं. पण त्याला लागणारं इन्सुलिन प्रथिनांच्या जेवणानेही पुरेसं येतं. नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्टच्या संशोधकांनी २००७ मध्ये तरुणांना वजनांच्या व्यायामानंतर पुरेसं प्रथिन दिलं. त्यात एकदा कर्बोदकं नव्हती, एकदा थोडी होती, एकदा भरपूर होती. स्नायूतली प्रथिनांची बांधणी तिन्ही वेळा सारखीच निघाली. म्हणजे कर्बोदकं स्नायू बांधत नाहीत. ती बांधणीच्या कामाचा खर्च उचलतात.

आता आपल्या ताटाकडे येऊ. खान्देशी ताट या हिशेबात फार बरं बसतं, आणि हे मी कौतुकाच्या भरात म्हणत नाही. आकडे पाहिले की पटतं.

कळण्याची भाकरी घ्या. ज्वारीत सालासकट काळे उडीद मिसळायचे, थोडे मेथीदाणे, खडेमीठ, आणि सगळं गिरणीतून एकत्र दळून आणायचं. प्रमाण घराघरात वेगळं, साधारण चार वाट्या ज्वारीला एक वाटी उडीद. पीठ करडं दिसतं, भाकरी काळसर होते. नुसत्या ज्वारीच्या पिठाला चिकटपणा नसतो, म्हणून गरम पाणी, बराच वेळ मळणं आणि हाताची सवय लागते. उडदाने पीठ धरून राहतं, भाकरीच्या कडा फाटत नाहीत, ती पातळ थापता येते. थापणारीला ही सोय कळली होती. खाणाऱ्याला मिळणारा फायदा त्याहून मोठा आहे.

१०० ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम प्रथिन, ६८ ग्रॅम कर्बोदकं आणि १० ग्रॅम तंतू असतात. सालासकट उडदात प्रथिन २२ ग्रॅमच्या घरात आणि तंतू त्याहून थोडे कमी. वरच्या प्रमाणाने दळलेल्या १०० ग्रॅम कळण्यात साडेबारा ग्रॅमच्या आसपास प्रथिन आणि ६३ ग्रॅम कर्बोदकं येतात. प्रथिनाचं वजन थोडंच वाढलं, त्याचा कस मात्र पुष्कळ वाढला. ज्वारीच्या प्रथिनात लायसिन हे अमिनो आम्ल तोकडं असतं आणि उडदात ते भरपूर. उडदात गंधकयुक्त अमिनो आम्लं कमी, ती ज्वारी पुरवते. स्नायूच्या बांधणीला सगळी अमिनो आम्लं एकदम हजर लागतात, एक जरी कमी पडलं तरी काम अडतं. ज्वारीची एक अडचणही सांगितली पाहिजे: तिचं मुख्य प्रथिन शिजल्यावर पचायला जरा हट्टी होतं, त्यामुळे कागदावरचे सगळेच ग्रॅम पदरात पडत नाहीत. उडदाची जोड म्हणूनच मोलाची. बिबड्यांसाठी, म्हणजे ज्वारीच्या पापडांसाठी, ज्वारी दोन-तीन दिवस भिजवून आंबवतात, तेव्हाही पचनाला मदत होते. पण बिबडे खाऊन कुणी पहिलवान झाल्याचं ऐकिवात नाही.

तापीकाठच्या काळ्या जमिनीत, पावसाच्या मुरलेल्या ओलीवर रब्बीत येणारी दादर ज्वारी मिळाली तर कळण्याला वेगळीच चव येते. सोबत हिवाळ्यातलं भरीत. जळगावच्या भरताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पऱ्हाट्यांच्या जाळावर भाजलेलं ते पांढरट-हिरवं वांगं, हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात, शेंगदाणे. यातल्या उष्मांकांत वांग्याचा वाटा नाममात्र आणि तेलाचा मोठा. तेल वाढणारा हात सैल असेल तर हिशेब बदलतो: एका ग्रॅम कर्बोदकातून चार किलोकॅलरी मिळतात आणि एका ग्रॅम तेलातून नऊ. वजन वाढलं की आपण भाकरीला बोल लावतो, पण शेवभाजीच्या वाटीवर तरंगणाऱ्या तर्रीकडे कुणी बोट दाखवत नाही.

धुळ्याकडे बाजरीचा मान मोठा. बाजरीत कर्बोदकं ज्वारीपेक्षा थोडी कमी, ६२ ग्रॅमच्या आसपास, प्रथिन ११ ग्रॅम आणि स्निग्धांश पाच ग्रॅमच्या वर. या स्निग्धांशामुळेच बाजरीचं पीठ ठेवलं की कडवट होतं आणि जाणती घरं लागेल तेवढंच दळून आणतात. धुळ्याच्या कृषी महाविद्यालयात राहुरीच्या कृषी विद्यापीठाचं बाजरी संशोधनाचं काम चालतं. इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय संस्थेबरोबर तयार झालेलं ‘धनशक्ती’ हे लोहयुक्त बाजरीचं वाण या विद्यापीठाच्या कामातलंच. २०१४ मध्ये ते देशभरासाठी प्रसारित झालं. त्याच्या एका किलो दाण्यात सुमारे ७१ मिलिग्रॅम लोह असतं. व्यायाम करणाऱ्याने, आणि त्यातही मुलींनी, याची दखल घ्यावी. स्नायूपर्यंत प्राणवायू नेणारं हिमोग्लोबिन आणि स्नायूत तो धरून ठेवणारं मायोग्लोबिन, दोन्हींना लोह लागतं. रक्त कमी असलेल्या मुलीचा दम कार्ब वाढवून वाढत नाही. बाजरीसोबत लिंबू पिळलेलं काहीतरी खावं आणि जेवणावर लगेच चहा टाळावा. चहाने लोह कमी शोषलं जातं, आणि आपल्याकडे चहाशिवाय जेवणाचा ढेकर येत नाही, ही पंचाईत आहेच.

मग केळी. रावेर, यावलच्या पट्ट्यात ज्याचं बालपण गेलं त्याला केळीचं अप्रूप नसतं. जिमच्या काउंटरवर चकचकीत वेष्टनातला ‘एनर्जी बार’ तो पैसे मोजून घेतो आणि बागेतला घड व्यापाऱ्याला जातो. घड कापला जातो तेव्हा केळं हिरवं असतं आणि त्याच्या वजनाचा जवळपास पाचवा हिस्सा पिठूळ स्टार्च असतो. पिकवण केंद्रात इथिलीन वायू लागला की आठवड्याभरात त्या स्टार्चची साखर होते. पूर्ण पिकलेल्या केळ्यात स्टार्च एक-दोन टक्केच उरतो. हिरवट केळ्यातला बराच स्टार्च लहान आतड्यात पचतच नाही, तो पुढे जाऊन मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंचं खाद्य होतो. पोटाला ते बरं, पण अर्ध्या तासात धावायचं असेल तर निरुपयोगी. धावण्याआधी पिवळं, सालीवर ठिपके आलेलं केळं खावं. सोललेल्या १०० ग्रॅम केळ्यात २२-२३ ग्रॅम कर्बोदकं, साडेतीनशे मिलिग्रॅमच्या वर पोटॅशियम आणि प्रथिन जेमतेम एक ग्रॅम. केळी खाऊन मांस चढतं असं म्हणणारे दुधाला विसरतात. शिकरणातलं प्रथिन दुधाचं असतं, केळं त्यात इंधन म्हणून आलेलं असतं.

अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनात २०१२ मध्ये १४ सराईत सायकलपटूंवर एक प्रयोग झाला. ७५ किलोमीटरच्या शर्यतीत त्यांना एकदा दर पंधरा मिनिटांनी केळं दिलं, एकदा तेवढीच कर्बोदकं असलेलं बाटलीतलं क्रीडापेय. वेळेत फरक पडला नाही. या प्रयोगाला केळी विकणाऱ्या कंपनीचा पैसा होता, हेही सांगून टाकतो. पण निकालात नवल वाटण्यासारखं काही नाही. स्नायूला ग्लुकोज हवं असतं, बाटलीवर कुणाचा फोटो आहे हे तो पाहत नाही.

आता साठ किलो वजनाच्या, रोज तासभर जोरकस मेहनत करणाऱ्या तरुणाचा दिवसाचा हिशेब मांडू. त्याला किलोमागे पाच ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं पुरेत, म्हणजे ३०० ग्रॅम. प्रथिन किलोमागे १.६ ग्रॅम, म्हणजे ९६. कळण्याच्या तीन जाड भाकरी, प्रत्येकी ८० ग्रॅम पिठाच्या: कर्बोदकं १५०, प्रथिन ३०. तुरीच्या ३० ग्रॅम डाळीचं वरण: १६ आणि साडेसहा. ५० ग्रॅम तांदळाचा भात: ३९ आणि चार. तीन केळी: ६६ आणि तीन. अर्धा लिटर दूध: २५ आणि १६. बेरीज केली तर कर्बोदकं २९६ ग्रॅम. म्हणजे साधं घरचं जेवण, वर तीन केळी, आणि गरज भागली. कुठलंही ‘कार्ब लोडिंग’ करावं लागलं नाही.

प्रथिन मात्र ६० ग्रॅमच्या आसपास येऊन थांबलं. ३६ कमी. दादाने बोट ठेवायला हवं होतं ते इथे. तीन अख्खी अंडी १९ ग्रॅम देतात, ४० ग्रॅम शेंगदाणे दहाच्या जवळ, वरणाची आणखी एक वाटी साडेसहा. खड्डा भरला. अंडी न खाणाऱ्याने मोड आलेले हरभरे, सोयाबीन, ताक-दही वाढवावं. शेंगदाण्यांत तेल आहे, तेव्हा भरतातलं तेवढं कमी करावं. पावडर घेणं पाप नाही. वरणाची दुसरी वाटी न खाता ती घेणं मात्र महाग पडतं.

हा हिशेब मेहनत करणाऱ्याचा आहे, आणि खान्देशात तो सगळ्यांना लागू करायचा मोह धोक्याचा आहे. तीन भाकरींचं ताट ठरलं ते बैलामागे चालणाऱ्या, पाटाचं पाणी बाऱ्याबाऱ्यांनी फिरवणाऱ्या माणसासाठी. आता नांगरणी ट्रॅक्टरने, पाणी ठिबकने, मजल मोटरसायकलने. ताट तेवढंच राहिलं. जेवणानंतर इन्सुलिनच्या जोरावर रक्तातून उचललं जाणारं बहुतेक ग्लुकोज स्नायूंत जातं. ते आधीच भरलेले असतील तर त्याला जागा कुठे? भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत देशातल्या प्रौढांपैकी ११.४ टक्के लोकांना मधुमेह असल्याचं दिसलं. पंचेचाळिशीच्या, खुर्चीवर काम करणाऱ्या माणसाने दीड भाकरीवर यावं आणि आठवड्यातून तीनदा वजनं उचलावीत. आकसणाऱ्या स्नायूला कामाला लावलं की तो इन्सुलिनची फारशी वाट न पाहता ग्लुकोज ओढून घेतो. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर मात्र हा बदल डॉक्टरांना विचारूनच करावा.

पहिलवानांचा खुराक हा याच हिशेबाचा मोठा आकडा. चाळीसगाव तालुक्यातल्या सायगावच्या विजय चौधरींनी २०१४, २०१५ आणि २०१६ अशी सलग तीन वर्षं महाराष्ट्र केसरीची गदा घेतली, तेव्हा जिल्ह्यातल्या पोरांना थंडाई आणि तूप-बदामाचं नव्याने वेड लागलं. पण तो खुराक शेकडो जोर-बैठका, पहाटेची मेहनत आणि संध्याकाळच्या लढती यांच्यासाठी असतो. मोबाइलवर खुराक पाहणाऱ्याला बैठका दिसत नाहीत. जुन्या तालमीतली माणसं सांगतात की तालीम सुटली तरी खुराक सुटत नाही, आणि चाळिशीत पोटाचा घेर छातीला मागे टाकतो.

दिवसातून एकदाच व्यायाम करणाऱ्याने जेवणाच्या वेळेची फार काळजी करू नये. रिकामा साठा तासाला पाच-सात टक्क्यांनी भरत जातो आणि दिवसाभरात पूर्ववत होतो. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्यांची गोष्ट वेगळी. सकाळी धावणं, संध्याकाळी गोळा आणि शंभर मीटर, मधे अभ्यास. त्यांनी सकाळच्या मैदानावरून आल्यावर तासाभरात पोटभर खावं, कारण संध्याकाळपर्यंत वेळ कमी असतो. एप्रिल-मे महिन्यात भुसावळच्या उन्हात धावताना ग्लायकोजेन आणखी लवकर संपतं आणि घामातून मीठही जातं. तेव्हा केळ्यासोबत मीठ घातलेलं ताक घ्यावं.

मैदानी चाचणीच्या दिवशी मात्र कळण्याची भाकरी घरीच ठेवावी. तिच्यातले तंतू आणि उडीद रोजच्या जेवणाला चांगले, १६०० मीटर धावताना पोटात नकोत. आदल्या रात्री खिचडी किंवा वरण-भात, तिखट-तेल बेताचं, नेहमीपेक्षा एक वाढप जास्त. भरतीची रांग पहाटेच लागते आणि आपला नंबर कधी येईल ते सांगता येत नाही, म्हणून पिशवीत चार पिकलेली केळी असू द्यावीत. नंबर तासाभरावर आला की दोन खावीत, उरलेली दोन धावणं आणि गोळाफेक यांच्या मधल्या वेळेसाठी. नवीन पावडर, कुणी दिलेली गोळी, कधी न घेतलेलं एनर्जी ड्रिंक त्या सकाळी तोंडाला लावू नये.